सुमतीवैनींचा ‘पुट अवे’

आमच्या निंबर्ग्यात सुमतीवैनींना कुणी ‘टाकलेली’ म्हटलं की मी भांडायला उठायचो. त्यापायी दोघातिघांची गचांडी धरलीय. आणि शेवटी तो शब्द वैनींना वाचून दाखवायची पाळी माझ्यावरच आली.

वैनींचे यजमान जयतीर्थ मास्तर. निजामाच्या उर्दू शाळेत शिकवायचे, पण जीव सगळा इंग्रजीत. लग्न नवं होतं तेव्हा चुलीपुढंच बायकोला धडे चालायचे. पितळी हंडा घासून माळ्यावर चढला की म्हणायचे, "बोल, पुट अवे."

"म्हंजे काय?"

"जपून ठेवणं. वापरायचं न्हाई, पण टाकायचंबी न्हाई."

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांचा कहर वाढला, तसे मास्तर निजामाच्या हद्दीबाहेर, सोलापुराला निघाले. वैनी दारात रडायल्या. मास्तर हसून म्हणाले, "रडायलीस कामून? तुला पुट अवे करून जायलोय. शांत झालं की काढून न्यायला येतो."

पोलीस ॲक्शन झाली. निजामाविरुद्ध चळवळ केली म्हणून डांबलेला मी गुलबर्ग्याच्या तुरुंगातून सुटलो. सोलापुराला गेलेले झाडून सगळे परतले. मास्तर तेवढे न्हाई. आडावर शेजारची बसम्मा खोचायची, "काय गं मडम, साहेब कधी यायलेत?"

वैनी तोऱ्यात म्हणायच्या, "टाकलं न्हाई मला. पुट अवे केलंय. तुला न्हाई कळायचं!"

बावन्नच्या पंचमीला मास्तरांचे चुलतभाऊ अच्युतराव सोलापुराहून आले. सांगून मोकळे झाले: मास्तरांनी दुसरं लग्न केलंय, मांडीवर पोरगी आहे.

वैनी माझ्या दारात आल्या. इंग्रजी मी तुरुंगात शिकलो, एका फाटक्या कोशावर. कुणा मास्तराची मेहेरबानी न्हाई.

"अण्णा, तुमच्या कोशात पुट अवे बघा. ह्यांनी सांगितला तोच अर्थ हाय का?"

"व्हय वैनी. जपून ठेवणं. हे बघा."

"मग खालच्या ओळीवर बोट कामून धरलंय?"

"तो जुना अर्थ. पुस्तकातला. बोलत न्हाईत आता तसं."

"वाचा."

"...नवऱ्यानं बायको टाकणं."

वैनी म्हणाल्या, "शब्द खरा होता म्हणायचा. मला अर्धाच शिकवला."

माझं डोकं फिरलं. "आत्ता जातो सोलापुराला! गळपट्टी धरून आणतो भडव्याला!"

"आणून ठेवता कुठं, अण्णा? त्यापेक्षा माळ्यावरचा हंडा काढून द्या."

काढला. हिरवा पडला होता पार. वैनींनी चिंचेनं घासघासून त्याला चकचकीत केलं आणि कमरेवर घेऊन आडाकडं निघाल्या. मी मागं.

बसम्मानं सवयीनं तोंड उघडलं, "काय गं मडम—"

"टाकली गं मला," वैनी म्हणाल्या. साध्या मराठीत.

बसम्माचा दोर हातातच राहिला. मग ती पुढं झाली. बामणाघरचा सोवळ्यातला हंडा तो. बसम्मासारख्या लिंगायताच्या बाईनं शिवायचा न्हाई. तिनं तो वैनींच्या कमरेवरून काढला, भरला, आणि आपल्या कमरेवर घेऊन घरापर्यंत चालत गेली. वैनी रिकाम्या हातानं तिच्या मागं.