बाबांचं कापलेलं नाणं

मंडळी, आत्ताच इथल्या नोव्हाय शहरातल्या कॉइन शोवरून, म्हणजे नाण्यांच्या प्रदर्शनावरून आलोय.

माझे बाबा पुण्यात बँकेत कॅशियर होते. काउंटरवर आलेलं, कडेला चंद्रकोरीच्या आकाराचा तुकडा नसलेलं एक रुपयाचं नाणं त्यांनी जपून ठेवलं. "हा टांकसाळीतला दोष आहे," असं सांगायचे. सगळे हसायचे. मीसुद्धा.

मागच्या महिन्यात मी ते नाणं इथल्या, नाणी पारखून प्रमाणित करणाऱ्या ग्रेडिंग सर्व्हिसला पाठवलं. शेरा आला: नंतर कुणीतरी कापलेलं. बाबांना सांगायचा धीरच होईना.

आज सकाळी शोमध्ये त्या सर्व्हिसचा एक्स्पर्ट सापडला.

"आम्ही तपासलंय," तो थंडपणे म्हणाला.

"कापाच्या बरोबर समोरची कड बघा, पुसट आहे. ठसा उमटायच्या आधीच तुकडा नसेल, तरच असं होतं," मी वाचून आलेलं सांगितलं. आवाज चढला होता, पण खात्री मलाही नव्हती.

त्याने भिंग लावलं. नाणं फिरवून फिरवून ती कड तपासली. मग म्हणाला, "यू आर राइट. लेबलवरचा शेरा बदलून देतो."

पार्किंग लॉटमधूनच बाबांना फोन लावला.

"मग? मी काय सांगत होतो?" एवढंच म्हणाले.

तुमच्या घरीही आहे का असं कुणी, ज्यांचं म्हणणं तुम्ही कधी तपासूनच पाहिलं नाही?