काठी बाहेरच राहिली

मी वकील नाही, कारकूनही नाही. नवरा फौजेत होता, तो गेला, आणि त्याच्या कागदांमागं ऑफिसांच्या पायऱ्या झिजवता झिजवता मला फॉर्म भरायला आले, एवढंच. आता लातुरातल्या माझ्या पुढच्या खोलीत पार नांदेडकडनं माजी सैनिक येतात. कुणाला अपंगत्वाची पेन्शन सुरू करायची असते, कुणाला टक्के वाढवून घ्यायचे असतात. कधी कधी वाटतं, दार लावून घ्यावं आणि गप पडून राहावं. पण लावता येत नाही.

लोह्याकडचे एक रिटायर नाईक आले होते, बायकोला घेऊन. डोंगरात गाडी उलटून त्यांचा गुडघा गेलेला. फौजेतून सुटताना वीस टक्के अपंगत्व लिहिलेलं, पण पुढं तो पाय लाकडासारखा झाला. बायकोनं धरल्याशिवाय न्हाणीत जाता येईना, आणि आता तिचीच कंबर बसलेली. टक्के वाढले तर पेन्शन वाढून त्यांना धरायला एक माणूस ठेवता आला असता. "नाहीतर एक दिवस दोघंबी न्हाणीतच पडून राहू, अक्का," ती हसत म्हणाली. मला काही हसू आलं नाही.

टक्के वाढवायचे तर मिलिटरी हॉस्पिटलात डॉक्टरांच्या बोर्डापुढं उभं राहावं लागतं. मी नाईकांना आधीच दम भरला. "भाऊ, साहेबांनी विचारलं की ठीक म्हणायचं नाही. दुखतं म्हणायचं. म्हणून दाखवा बरं."

"दुखतंय."

"मोठ्यानं!"

"दुखतंय, साहेब!" असे परेडच्या आवाजात ओरडले की शेजारीण खिडकीतून डोकावली.

बोर्डाच्या दिवशी बघते तर काय, कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदकं, बूट असे चकचकीत की तोंड दिसावं. अगं बाई, म्हटलं, हा माणूस दुखणं दाखवायला आलाय का इन्स्पेक्शनला? तेवढ्यात नाव पुकारलं. नाईक ताडकन उठले, काठी माझ्या हातात दिली. "धरा वहिनी. साहेबापुढं काठी टेकत जाऊ व्हय?" मी तोंड उघडेपर्यंत दार लागलं.

काठी घेऊन मी दाराशी धावले, तर शिपायानं आडवा हात घातला. पेशंटशिवाय कुणी आत नाही. दाराच्या काचेतून सगळं दिसत होतं. टाचा जुळवलेल्या, छाती पुढं, आणि पाठीवर शर्ट घामानं चिकटलेला. चालून दाखवा म्हटलं असेल, तर चालले की हो! भिंतीपर्यंत गेले, वळले, परत आले. डॉक्टर खाली बघून लिहीत होते. मी काच वाजवली. शिपायानं मला बाकावर नेऊन बसवलं. हातात काठी, पुढं बंद दार, आणि शेजारी नाईकांची बायको पदर तोंडात धरून बसलेली.

नाईक बाहेर आले ते बाकावर कोसळलेच. चेहरा पांढराफटक.

"काय सांगितलंत?"

"सब ठीक है साब, म्हनलं."

माझा पारा चढला. "मेल्या तोंडाला कुलूप घातलं होतं का तुमच्या?"

"कुलूपच हाय, वहिनी. सारी नोकरी एकच जबाब दिला. दुखतं म्हननाऱ्याला पलटणीत कामचुकार म्हनतेत."

खरं सांगायचं तर राग त्यांच्यावर नव्हता. माझा नवरा सुटून येताना 'काही तक्रार नाही' अशा छापील कागदावर सही करून आला होता. तक्रार लिहिली की तपासणीला ठेवून घेतात, घरी यायला उशीर होतो. फोनवर मीच म्हणाले होते, "करा की सही, आणि या बघू लवकर." छातीत दुखतंय हे त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं ते दवाखान्यात नेताना, ऑटोत. तेव्हापासून कागद वाचून दाखवल्याशिवाय मी कुणाची सही घेत नाही. दार लावता येत नाही ते याचमुळं.

बोर्डाचा निकाल आला. वीस टक्के, तेवढेच. आता अपील. या वेळी मी नाईकांना काही विचारलंच नाही. बायको सांगत गेली, मी लिहीत गेले. ते आमच्याकडं पाठ फिरवून दारात बसून राहिले.

लिहून झाल्यावर ते उठले. "द्या, सही करतो. वाचू नका."

"वाचल्याशिवाय मी सही घेत नाही, भाऊ."

"बसा तरी," बायको म्हणाली. बसले नाहीत. टेबलाला धरून सरळ उभे राहिले आणि मी वाचायला लागले. जिना चढता येत नाही. संडासला धरून न्यावं लागतं. बायको अंघोळ घालते, आणि तेव्हा ते डोळे मिटून घेतात. टेबल थरथरायला लागलं. बायकोनं काठी पुढं केली, त्यांनी बघितलीसुद्धा नाही. मीच दुसऱ्या बाजूनं टेबल दाबून धरलं आणि शेवटची ओळ वाचली.

"खरं आहे ना, भाऊ?"



"हाव. खरं हाय," ते म्हणाले. "लई दुखतंय, वहिनी."

बोर्डाच्या कागदावर मात्र हा माणूस आधाराशिवाय चालतो, असं डॉक्टरांच्या सहीनं लिहिलेलं होतं.