यांची दिलरुबा गेली

त्या तक्रारीचा कागद केव्हाच निकाली निघाला, पण ती सकाळ माझ्या मनातून अजून हललेली नाही. मी तेव्हा पनवेल भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपून मी केबिनमध्ये टपाल बघत बसलो होतो. दार उघडं असल्यामुळे ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर उभं असलेलं जोडपं मला दिसत होतं. बाई साठीच्या, उरणजवळच्या करंजाच्या कोळीण. जन्मभर सुकी मासळी विकलेल्या. नवरा बंदरात क्रेन चालवून नुकताच निवृत्त झालेला. दोघं रोडपालीत नव्या फ्लॅटमध्ये राहायला आली होती.

"यांची दिलरुबा गेली," बाई म्हणाल्या.

अंमलदारांनी पेन उघडून शांतपणे विचारलं, "कोणाबरोबर?"

बाईंना प्रश्न कळला नाही. अंमलदारांनी मग नवऱ्याकडे वळून वय विचारलं. तो म्हणाला, वर्षसुद्धा झालं नाही. अंगावरचे कपडे विचारले, तर म्हणाला, काहीच नाही, कव्हर घरीच राहिलं. इथे मी उठून बाहेर आलो. दिलरुबा हे सारंगीसारखं गजाने वाजवायचं तंतुवाद्य असतं, असं मी अंमलदारांना समजावलं आणि त्यांनी अर्धवट लिहिलेला कागद फाडून टाकायला लावला.

हकीकत अशी होती. नवऱ्याने एकदा टीव्हीवर कुणाला तरी दिलरुबा वाजवताना ऐकलं होतं आणि जेवणाचं ताट हातात घेऊन तो तसाच उभा राहिला होता. बाईंनी ते लक्षात ठेवलं. तो निवृत्त झाला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या धंद्यातल्या शिलकीतून मुंबईहून दिलरुबा मागवून त्याच्या पुढ्यात ठेवला. आणि आता तोच घरातून चोरीला गेला होता.

"चोर गावला पायजे, साहेब," बाई म्हणाल्या. "जल्मात यांनी माज्याकडं कवा काय मागितलं नाय. ही येकच वस्तू मी आपनहून दिली."

नवरा मात्र सारखा म्हणत होता की जाऊ द्या, गेली ती गेली, तुम्हाला मोठी कामं असतील. मला वाटलं, किती समजूतदार गृहस्थ आहे. असा तक्रारदार पोलिसांच्या नशिबी फारसा येत नाही.

आधी लेखी अर्ज घेतला आणि खातरजमा करायला मी हवालदाराला घेऊन फ्लॅटवर गेलो. कुलूप शाबूत, कडी शाबूत. कपाटात बाईंचं सोनं जसंच्या तसं. चोराने नेला तो फक्त दिलरुबा, त्याचा गज आणि राळेचा खडा. गजाच्या केसांना ही राळ घासावी लागते, नाहीतर आवाज निघत नाही. हरवू नये म्हणून नवऱ्याने ती स्वयंपाकघरात हळदीच्या डब्यामागे ठेवली होती. म्हणजे बैठकीतला टीव्ही सोडून चोर थेट हळदीच्या डब्यापर्यंत गेला होता. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, मी हवालदाराकडे. काम माहितगाराचं होतं. घरी कोण येतं-जातं ते मी विचारलं. कोणीच येत नाही, असं नवरा म्हणाला आणि त्याने कपाळ पुसलं.

खालच्या मजल्यावरच्या बाईंचाही जबाब घेतला. त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. आम्ही निघालो तेव्हा मात्र त्यांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "सापडेल का हो ते?" लोक हा प्रश्न आशेने विचारतात. या बाईंच्या आवाजात धास्ती होती.

चोरीचा माल सहसा लांब जात नाही. त्यात दिलरुबासारखी वस्तू घेणारं गिऱ्हाईक पनवेलमध्ये शोधून मिळायचं नाही. जुन्या वस्तू घेणाऱ्या सगळ्यांना आम्ही निरोप धाडले आणि लवकरच जुन्या पनवेलमधल्या एका दुकानदाराचा फोन आला. तसलं वाद्य त्याच्याकडे आलं होतं. विकणारा माणूस शरीफ दिसत होता, असं तो सांगायला लागला, पण मी त्याला थांबवलं. खबर देणाऱ्याशी फोनवर लांबण लावू नये, असा माझा शिरस्ता होता. मुद्देमाल ओळखायला तक्रारदाराला घेऊन येतो, एवढंच सांगून मी फोन ठेवला.

जीपमध्ये दोघंही बसली. दुकानापाशी पोचल्यावर नवरा म्हणाला, मी गाडीतच बसतो. बाईंनी त्याला दंडाला धरून उतरवलं.

दुकानदार आम्हाला पाहताच उठला. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो सरळ नवऱ्यापाशी गेला आणि त्याचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "मला वाटलंच होतं काका, तुम्ही परत येणार. मरहूम बीवीची निशाणी, दिल कसा मानेल?"

बाईंनी विचारलं, "कोनाची बीवी?"

दुकानदाराने बाईंकडे पाहिलं, मग काकांकडे, मग माझ्या वर्दीकडे, आणि तो आतून खुर्च्या आणायला गेला.

त्यानंतरची चौकशी मी केलीच नाही. बाई खुर्चीवर बसल्या, नवऱ्याला समोर बसवलं आणि एकच शब्द बोलल्या, "का?" मी नोकरीत अट्टल गुन्हेगार तपासले आहेत, पण एका अक्षरात कबुली निघालेली ती एकच.

क्रेनच्या दांड्या ओढून त्याची बोटं राठ झालेली, तारेवर ठरत नव्हती. गज फिरवला की खालच्या मजल्यावरच्या बाईंचा कुत्रा रडायला लागायचा. बायको मात्र दाराबाहेर कौतुकाने बसून बहिणींना फोनवर सांगायची की आमचे हे वाजवतायत. जमत नाही असं तिला सांगायचं त्याला धाडस झालं नाही. मग चादरीत गुंडाळून त्याने दिलरुबा विकला. वस्तू नवीकोरी होती. चोरीची वाटू नये म्हणून त्याने दुकानात मेलेल्या बायकोची आठवण सांगितली आणि घरी चोरी झाल्याचं सांगितलं. बायको दोन दिवस चोराला शिव्या घालून विसरेल, असा त्याचा हिशोब. ती पोलीस ठाण्याची पायरी चढेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

खोटी तक्रार देणं हा गुन्हा आहे, असं मी त्याला बजावलं.

"मग आजचा दिवस लॉकअपमध्येच ठेवा, साहेब," तो म्हणाला. "घरी नका पाठवू."

बाई इतका वेळ मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांनी दुकानदाराला कितीला घेतलं ते विचारलं. त्याने चाचरत आकडा सांगितला. तेव्हा कुठे त्यांचा आवाज चढला.

"मना मारून पन येवढ्यालाच इकलीत?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "इकायचीच व्हती तर मना का नाय सांगितलंत? माजा जल्म गेला इकन्यात."

मग त्यांनी दुकानदाराकडून त्याच भावात दिलरुबा परत घेतला. तो थोडा नफा मागत होता. 'मरहूम' हा शब्द बाईंनी एकदाच उच्चारला आणि त्याने नफ्याचा विषय सोडला. मी तेवढ्या वेळात एक बंद पडलेलं घड्याळ बारकाईने पाहत होतो.

गुन्हा नोंदवलेला नव्हता, त्यामुळे अर्ज निकाली काढणं अवघड नव्हतं. जबाबावर सही करायला दोघं आली, तेव्हा पुढचं कळलं. कळंबोलीच्या गुरुद्वारात कीर्तनाला दिलरुबा वाजतो, हे बाईंनी हुडकून काढलं होतं. तिथल्या एका ट्रकमालकाची मुलगी शिकत होती. बापाने भाव मान्य केला, तरी बाईंनी आधी मुलीला वाजवायला लावलं. येत असेल तरच देणार, म्हणाल्या.

मुलीने गज लावला. हे सांगताना नवरा थांबला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. तेव्हा बाईच म्हणाल्या, "तवा मना समजलं साहेब, ताट हातात घिऊन ह्ये का हुबं ऱ्हायले व्हते."

नवऱ्याला मी ताकीद दिली, रजिस्टरला नोंद घेतली आणि दोघांना चहा पाजला. अंमलदार त्या दिवशी फार अदबीने वागले.

माणूस खोटं बोलला की त्यात फायदा कोणाचा, हे शोधायचं आम्हाला शिकवलेलं असतं. या माणसाला फायदा नको होता, बायकोचा चेहरा उतरलेला बघायचा नव्हता. असं खोटं पकडणं अवघड, कारण बोलणाऱ्याला ते पापच वाटत नाही. पुढे कुलूप न तुटलेल्या घरफोडीची तक्रार आली की मी आधी घरच्यांना वेगवेगळं बसवून चहा देत असे. कपातला चहा संपेपर्यंत अर्ध्या चोऱ्या उलगडायच्या. आणि मुद्देमाल ओळखायला नवरा-बायकोला एका जीपमधून मी पुन्हा कधीच नेलं नाही.