अहवालात नसलेल्या तिसऱ्या

माझी विद्यार्थिनी सुजाता शिरोळची. ती कोकणातून परतली आणि तिने रिकाम्या शिंपल्यांची ओली पिशवी कोल्हापुरात माझ्या टेबलावर ठेवली. त्या खारट, चिखलाच्या वासाने मी पंचवीस वर्षं मागे गेले.

तेव्हा देवगडकडच्या एका खाडीतल्या जीवसृष्टीची नोंद करायला मी गेले होते. ओहोटीला चिखलात बसून एक म्हातारी हातांनी तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढत होती. तिने एक जिवंत शिंपला माझ्यापुढे धरला.

"घे गो बाय. माझ्या सासवेची सासूय हयच तिसरे काढी."

मी जैन घरातली. शिंपल्यातला जीव हलला आणि मी हात मागे ओढला.

"भियातंस कित्याक?" ती हसली.

तिसऱ्या कुठे सापडतात ती एकेक जागा ती बोटाने दाखवत होती, पण मी तिकडे धड पाहिलंसुद्धा नाही. घाईघाईने तिवरांच्या झाडांची नावं लिहिली आणि एसटी पकडली.

"मॅडम, तुमच्या अहवालात तिसऱ्या न्हाईतच की!" सुजाता म्हणाली. "त्या खाडीवरल्या गावातल्या बायका म्हणत्यात, हितं काय नव्हतंच असं कागदावर दाखवून बोटींचा धक्का बांधला."

त्या खाडीचा जुना कागद एकच होता, आणि तो माझा होता. तेव्हा वाटलं होतं, आपण धर्म पाळला. पण नुसतं बघायला आणि लिहायला मला कुणी अडवलं होतं?

मी कपाटातून अहवाल काढला आणि समासात म्हातारीच्या तिसऱ्यांची नोंद लिहायला लागले.

"आता लिवून काय उपेग, मॅडम?"

"गप बस!" मी तिच्यावर ओरडले, आणि लिहीत राहिले.