तिसगावची तारीख

गावोगावची मंडळी कलाबाईंना 'मास्तरीणबाई' म्हणू लागली ती पुढे. त्याआधी कितीतरी वर्षं त्या नुसत्या 'नगरच्या नटी' होत्या. यात्रेच्या दिवसांत गावातली पोरं हौसेनं नाटक बसवायची, पण गावातली बाई काही स्टेजवर यायची नाही. मग नगरहून नट्या आणायच्या. नाटकं ठरलेली, त्यामुळे नट्यांची तोंडपाठ. दुपारी एसटीनं उतरायचं, एकदा तालीम करायची, रात्री रंग लावायचा आणि सकाळच्या गाडीनं परत. कागद नाही की सही नाही. या यात्रेला पुढच्या यात्रेचा शब्द द्यायचा आणि तो दोन्ही बाजूंनी पाळायचा, इतकंच.

या वाटेला कलाबाईंना आणलं झुंबरबाईंनी. नवऱ्याचं नागापूरच्या कारखान्यातलं काम सुटलं तेव्हा शेजारच्या झुंबरबाई दारात येऊन म्हणाल्या, "कले, माझ्यासंगं चल. रडायचं काम हाय, तुला जमंल." पहिल्याच प्रयोगात कलाबाईंची वाचा बसली. नायिका झालेल्या झुंबरबाईंनी पुढे होऊन त्यांना कवटाळलं आणि विसरलेलं वाक्य हळूच कानात सांगितलं. लोकांनी त्या मिठीला टाळ्या दिल्या. तेव्हापासून दोघींची जोडी ठरली. झुंबरबाई नायिका, कलाबाई वयानं लहान असूनही वहिनी, नाहीतर आई.

चौऱ्याण्णव साली, दर यात्रेला दोघींना बोलावणाऱ्या तिसगावच्या नाटकमंडळाचा कानिफनाथ नगरला आला. त्याचं सायकलचं दुकान होतं आणि नाटकाचं वेड.

"बाई, दर साली तुमी आमच्या तालीममास्तरच्या चुका काढता," तो म्हणाला. "औंदा तुमीच बसवा की नाटक."

कलाबाईंना हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी होकार दिला आणि त्या आनंदाच्या भरात एक अटही घातली. नायिका गावातलीच मुलगी हवी. बारावीतली यशोधरा त्यांनी गॅदरिंगमध्ये पाहून ठेवली होती. तिचे वडील रखमाजी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुमी हायात म्हणून धाडतो. लोक काय बोलले तर तुमच्या दारात यीन."

दर रविवारी कलाबाई तिसगावला जाऊ लागल्या. झुंबरबाईंना हे माहीत होतं. पण आपली नायिका ठरलेलीच, आपण यात्रेच्या दिवशी गेलं की झालं, असं त्या धरून चालल्या होत्या. त्यात त्यांची काही चूक नव्हती. नेहमी तसंच चालायचं.

एका रविवारी माळीवाड्याच्या स्टँडवर दोघींची गाठ पडली. "कोल्हारवाले आलते," झुंबरबाई म्हणाल्या. "नेमकी तीच तारीख. म्हनलं, न्हाई जमायचं. तिसगावला शब्द दिलाय."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. कोल्हारवाले अजून दुसरी नटी शोधत असणार, निरोप धाडता आला असता. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? अक्का, आता वीस वर्षांची नायिका तुम्हाला शोभत नाही, असं? ज्या बाईनं आपल्याला भर स्टेजवर सावरलं, तिला?

"चहा घेता का, अक्का?" कलाबाई म्हणाल्या.

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. प्रत्येक वेळी घरातून निघताना त्या वाक्य जुळवत आणि झुंबरबाईंच्या दारावरून तशाच पुढे जात. इकडे यशोधरा अशी काही उभी राहू लागली की तालमीला पोरं विडी विझवून बसत. ते पाहताना कलाबाईंना सुख वाटे, आणि त्या सुखाचीच लाज वाटे.

यात्रेच्या दिवशी दुपारी झुंबरबाई ट्रंक घेऊन उतरल्या. शाळेच्या पटांगणात तालीम चालली होती. यशोधरा त्यांचीच वाक्यं म्हणत होती. ती संपेपर्यंत झुंबरबाई उभ्या राहिल्या.

"ही कोण गं?"

"रखमाजींची मुलगी. नायिका करतीय."

"आन मी?"

मंडळातली एक-दोन माणसं पुढे झाली. आल्याच आहेत तर त्यांनाच उभं करू, पोरगी नवी आहे, असं म्हणू लागली. यशोधरानं खाली पाहिलं. कलाबाई म्हणाल्या, "नाही. नायिका हीच करील." आजही कुणी विचारलं तरी त्या तेच म्हणतील.

पण झुंबरबाईंनी विचारलं, "मंग मला कळवायचं व्हतं की न्हाई?" आणि कलाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "निरोप धाडला होता, अक्का. या कानिफनाथाच्या हाती."

कानिफनाथ तिथेच पडद्याची दोरी बांधत होता. त्यानं नाही म्हणावं, असं कलाबाईंना त्या क्षणी मनापासून वाटलं. त्यानं गाठ आवळली.

"व्हय बाई," तो म्हणाला. "मीच इसरलो. दुकानाच्या गडबडीत ऱ्हाऊन गेलं."

मग झुंबरबाईंनी त्याला चारचौघांत असं सोललं की पोरं हसू लागली. त्याच्या नाटकाच्या वेडापासून त्याच्या पंक्चर काढण्यापर्यंत काही सोडलं नाही. तो मान घालून ऐकत राहिला. राग ओसरल्यावर त्या यशोधराकडे वळल्या. "इकडं ये गं. पदर असा घेतला तर दुसऱ्या अंकात पायात यील." आणि रात्री बायकांत पुढे बसून सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. कलाबाईंना शाल-नारळ मिळाला तेव्हाही.

सकाळी दोघी एसटीत बसल्या तेव्हा कानिफनाथ गोडीशेवेचे दोन पुडे घेऊन स्टँडवर आला. एक त्यानं झुंबरबाईंपुढे धरला.

"तुझ्या हातचं न्हाई घ्यायची मी. देतादेता इसरशील, मंग माघारी मागशील."

"खरं हाय, बाई," तो हसला आणि खिडकीतून दोन्ही पुडे कलाबाईंच्या ओंजळीत ठेवले. त्यांच्याकडे त्यानं पाहिलं नाही. कलाबाईंचे ओठ हलले, पण कंडक्टरनं घंटी दिली.

"आन इकडं," झुंबरबाई म्हणाल्या. "तुझ्या हातचं चालतंय मला." त्यांनी पुडा सोडला आणि चवीनं खाऊ लागल्या. "पुढच्या टायमाला काय आसंल ते तूच येऊन सांग. मधी मानूस नको. अशा मानसांपायी आपल्यासारखींचं मन दुखतं बघ."

"हो, अक्का."

करंजीचा घाट संपेपर्यंत झुंबरबाई कानिफनाथाला नावं ठेवत होत्या, आणि कलाबाई मधूनमधून "हो ना" म्हणत होत्या.