हिराजी मास्तर गेले!

हसायचंय ना? मग आधी हातातला चहा खाली ठेवा, नाहीतर माझ्या शर्टावर उडेल. मी एकदा असा घोळ घातलाय की मानखुर्दच्या कोळीवाड्यात अजून तोंड लपवून फिरावं लागतं!

आम्ही मूळचे मालवणकडचे, पण माझं लहानपण त्या कोळीवाड्याला खेटूनच गेलं. आता मुलुंडला राहतो. काय गाणंवेडी वस्ती होती म्हणून सांगू! गाव एवढंसं, पण ब्रास बँड दोन. एक वरच्या आळीचा, एक खालच्या आळीचा. हळद असो, होडीची पूजा असो, कुणाचा पोरगा दहावीत कसाबसा पास झालेला असो, बँड पाहिजेच. आणि दोन्ही बँड समोरासमोर आले की संपलंच! नवरदेव ताटकळतोय, आणि इकडे यांची ट्रम्पेटं एकमेकांच्या नाकात!

मी वरच्या बँडात झांजा वाजवायचो. आमचे गुरू हिराजी मास्तर. क्लॅरिनेट असं वाजवायचे की मासे विकणाऱ्या मावश्या डोलायच्या आणि गिऱ्हाईकाच्या पिशवीत दोन बांगडे जास्त पडायचे.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी भालूचा फोन. भालू म्हणजे आमचा ढोलवाला. बाजारात होता, मागे नुसता कल्ला.

"अरे, मास्तर गेले रे!"

"काय बोलतोस! कधी?"

"काल. कुणाला काय बोलले पण नाय. आपल्या बँडची वाट लागली यार!"

आणि फोन कट.

परत फोन करून नीट विचारावं ना? तेवढी अक्कल असती तर आज तुम्हाला सांगायला काय उरलं असतं?

गोवंडीचा पक्या, जोगेश्वरीचा सुऱ्या, बँडातल्या सगळ्या जुन्या मंडळींना मी रडत रडत कळवलं. मास्तर नेहमी म्हणायचे, "मी गेलो की रडू नका, वाजवा." म्हणून वाद्यं घेऊनच जमलो. पक्याचं बॅनर छापायचं दुकान. तो तर भलामोठा बॅनरच घेऊन आला.

पोरं नाक्यावर बॅनर उलगडत थांबली, मी पुढे गेलो. मास्तरांच्या दारात गर्दी नाही! मला आणखीच भरून आलं. एवढा मोठा कलावंत, आणि चार माणसं नाहीत? ओट्यावर मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या काकी, कोळंबी सोलत बसलेल्या.

"काकी, हे काय झालं हो?"

"काय व्हायचंय? गेला तर गेला. मीच बोलले, जा एकदाचा."

धक्का बसलाय बिचारीला!

"शेवटचं काही बोलले का?"

"बोलला, लाल कोटाला इस्त्री मार."

"आणि... खांदा कुणी दिला?"

"खांदा कशाला? भरपेट जेवला नि चालत गेला आपल्या पायानं!"

"काकी, मन मोकळं करा. रडा."

"रडू कशाला? तिकडं मान जास्त हाय."

काय ती श्रद्धा! मला हुंदका आवरेना. मी हात वर केला. नाक्यावरून पोरं रडका सूर लावत निघाली, मीही झांजा काढून त्यांना सामील झालो. अख्खी आळी खिडक्यांत!

तेवढ्यात खालच्या आळीकडून एक लाल कोट धापा टाकत वर आला. हातात क्लॅरिनेट! मागे खालचा अख्खा बँड, आणि त्याच्या मागे मासळीची पिशवी घेऊन भालू.

"कोण रे तो? ट्रम्पेट केवढं बेसूर!" हिराजी मास्तर गरजले.

माझ्या हातातल्या झांजा खाली. खण्णकन!

"अरे गाढवा, मास्तर खालच्या बँडात गेले असं सांगत होतो मी!" भालूने कपाळावर हात मारला.

मास्तरांनी चष्मा लावला आणि बॅनर वाचायला घेतला. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मला वाटलं, आता क्लॅरिनेट डोक्यात बसणार. पण त्यांची नजर खाली सरकली. तिथे 'शोकाकुल' असं लिहून पक्याने माझा गॉगलवाला फोटो टाकला होता, मास्तरांच्या फोटोच्या दुप्पट!

मास्तरांनी त्या फोटोवर बोट ठेवलं. मग हळहळत म्हणाले,

"हा मोठा फोटोवाला कशानं गेला रे? वय काय फार नव्हतं!"

काकींची कोळंबी ओट्यावरून खाली सांडली, इतक्या त्या हसल्या.

मागच्या आठवड्यात भालूच्या मुलीच्या हळदीचं आमंत्रण आलं. दोन्ही बँड वाजणार आहेत. पाकिटावर मास्तरांच्या सुरेख अक्षरात लिहिलंय, 'श्री. शोकाकुल आणि परिवार'.