पहारेकऱ्याचं डोकं

दिवाळीत मुलांनी फटाक्यांशिवाय आणखी काय करावं, यावर बोलायला मला अजूनही शाळांमधून बोलावणं येतं. मी मातीच्या किल्ल्यावर बोलते. किल्ला बांधताना उतार कळतो, पाणी कसं धावतं ते दिसतं, बी रुजताना बघायला मिळतं, आणि हात मळवून चार मुलं एकत्र बसतात. हे सगळं मी मनापासून सांगते. फक्त एक गोष्ट सांगत नाही. किल्ल्यातलं हे शास्त्र मी सूड घ्यायचा म्हणून शिकले. तो सूड मी घेतला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं घर कर्जतजवळच्या भिसेगावात. वडील भातशेती करायचे आणि पावसाळा सरला की खोपोलीच्या एका कारखान्यात बदली कामगार म्हणून जायचे. मी सातवीत होते. आमच्या घराण्यात एवढं शिकलेली मी पहिलीच. आळीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं, दिवाळीत तिथेच फटाके मिळत. त्या दुकानदाराचा मुलगा माझ्या एक वर्ष पुढे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण दुकान अजून चालू आहे.

आळीत दारोदार किल्ले व्हायचे, पण ते मुलगे करायचे. मुलींनी रांगोळी काढायची. आमच्या घरी मुलगा म्हणजे माझा धाकटा भाऊ, त्याला दगड उचलत नव्हते, म्हणून किल्ला मी बांधायला घेतला. बांधावरची चिकण माती आणली, दगड रचून वर भिजलेलं गोणपाट टाकलं, माती लिंपली, अळीव पेरले. पायथ्याशी एक फुटकं मडकं आडवं घालून वाघाची गुहा केली. वर दरवाज्यापाशी बाजारातून आणलेला पहारेकरी उभा केला. त्याच्या मिशा फार सुंदर रंगवलेल्या होत्या. नरकचतुर्दशीपर्यंत अळीव बोटभर वर आले आणि आमचा डोंगर हिरवागार झाला.

त्या सकाळी आंघोळी झाल्या. आईने तुळशीपुढे कारिटं ठेवली. कारीट म्हणजे कुंपणावरच्या वेलीला लागणारं सुपारीपेक्षा थोडं मोठं, कडूजहर फळ. नरकासुर समजून ते डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं. मी अंगठा टेकवला आणि तेवढ्यात अंगणात धडाड्‌दिशी आवाज झाला. वळून बघते तर डोंगराच्या जागी खड्डा. माझ्या नव्या परकरावर चिखल, आणि फाटकाशी दुकानदाराचा मुलगा, हातात पेटती उदबत्ती घेऊन.

"वाघ खपला रं!" तो दोस्तांना म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "रांगोळी काढ गं तू. किल्ला काय पोरींचं काम हाय?"

दुकानाच्या फळीवरून त्याचे वडील हसले. "सणाचं रडायचं नाय पोरी. दिवाळी हाय, फटाके वाजणारच."

हे सगळं मी सोसलं असतं. पण माझे वडीलही हसले. म्हणाले, "जाऊ दे गं. माती ती मातीच. पावसात तरी कुठं टिकली असती?"

पहारेकऱ्याचं धड दगडांत सापडलं आणि डोकं गटाराच्या काठाला. मिशा शाबूत होत्या. डोकं धुऊन मी आईच्या मिश्रीच्या रिकाम्या डबीत ठेवलं. मग तुळशीपुढे उरलेलं एक कारीट घेतलं आणि ओठांतल्या ओठांत त्या मुलाला शिव्या घालत अंगठ्याखाली असं रगडलं की बिया पायरीवर उडाल्या.

"कोणाला चिरडलंस गं एवढ्या जोरात?" आईने विचारलं.

"नरकासुराला."

"नरकासुराला इतक्या शिव्या नाय देत कोणी."

त्या वर्षभरात मी रोज त्याचा विचार केला. खोटं वाटेल, पण रोज. शाळेच्या वाटेवर दुकान होतं, तो फळीवर बसलेला दिसला की मिश्रीच्या डबीतलं डोकं आठवायचं. मे महिन्यात खोपोलीला मामाकडे गेले. तिथे डोंगरावरून खाली वीजघरात येणारे अजस्र पाइप मी आधीही पाहिले होते. त्या वेळी पहिल्यांदा नीट पाहिले. मामाला विचारलं, तर तो म्हणाला, "वर पाणी, खाली चाकं. चावी सोडली का खालचं सगळं फिरतं. जोर पाण्याचा, पण मर्जी चावीवाल्याची."

चावीवाल्याची मर्जी. ते शब्द घेऊनच मी घरी आले.

आठवीत आम्हाला विज्ञानाला नव्या बाई आल्या. आमच्याच आळीत एक खोली घेऊन राहायच्या. मी त्यांना विचारलं, "बाई, पेटलेली वात विझवायला किती पाणी लागतं?"

"कशासाठी हवंय?"

"किल्ल्यासाठी."

माझा मोडलेला किल्ला त्यांनी पाहिला नव्हता, पण आळीत गोष्टी राहतात. "अंदाज करू नकोस, करून बघ," त्या म्हणाल्या. "आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. नाहीतर काय कशामुळे झालं ते कळणार नाही. विझलेल्या फटाक्यावर मात्र कधी वाकायचं नाही. लांब काठीने पाण्यात ढकलायचा. हे मला वचन दे."

वचन दिलं आणि पाळलं. परसात, बाई ओट्यावर बसलेल्या असताना, मी लवंगी फटाक्यांवर प्रयोग केले. वरून शिंपडलेलं पाणी फुकट जातं, वात त्याच्यामधूनही पळते. पाणी वातीच्या मुळाशी, जिथे ती फटाक्यात शिरते तिथे पडायला हवं. मग चमचाभरही पुरतं. हे कळायला मला आख्खा गणेशोत्सव लागला.

दुसऱ्या वर्षीचा किल्ला मी वाघाच्या गुहेपासून बांधायला घेतला. गुहेच्या तोंडाशी एक बेचक्याचा दगड बसवला, बरोबर एक सुतळी बॉम्ब मावेल असा. दुकानदाराच्या मुलाला ठेवायला सोपं जावं म्हणून. भावाच्या आजारपणात घरी आलेली सलाइनची नळी आईने उकळून ठेवली होती. ती गोणपाटाखालून नेली, एक टोक पेरूच्या झाडावर टांगलेल्या डालड्याच्या डब्यात, दुसरं गुहेच्या छपरात, बेचक्याच्या बरोबर वर. नळीवर पाणी कमीजास्त करायचं छोटं चाक होतं. ते तुळशीवृंदावनाच्या मागे, माझ्या हाताशी. गुहेपुढे तोच पहारेकरी उभा केला, बिनडोक्याचा. गळ होता तो.

नरकचतुर्दशीला फराळ झाल्यावर तो आलाच.

"काय गं, गेल्या वर्षी पुरलं नाय का तुला?"

"तुझ्याकडं मोठा हाय का?" मी विचारलं. "का बारकेच?"

पोरं खिदळली. त्याने हिरवा सुतळी बॉम्ब काढला, बेचक्यात ठेवला, वात पेटवली आणि पळाला. मी चाक फिरवलं. फुस्स. दुसरा. फुस्स. तो तिसरा आणायला धावत दुकानात गेला. भाऊ बांबूच्या काठीने विझलेले बॉम्ब एकेक करून पाण्याच्या बादलीत लोटत होता, अगदी गंभीर चेहऱ्याने.

"शेटच्या दुकानात फटाके इकतात का भिजवलेले चणे?" कोणीतरी ओरडलं.

"मोड येतील रं, उद्या उसळ कर!"

बादली भरत गेली. तो रडकुंडीला आला. आणि मग जे झालं ते मी ठरवलं नव्हतं. पोरांनी ती ओरड दुकानापर्यंत नेली. फटाके घ्यायला आलेली माणसं हातातली पाकिटं परत फळीवर ठेवायला लागली. दुकानदार बाहेर आला आणि त्याने सगळ्यांदेखत मुलाच्या कानाखाली वाजवली. "ओल्या हातानं माल धरतोस, नालायका!"

तो रडला. वर्षभर मी हेच मागितलं होतं. पण मला गोड लागलं नाही. दया आली म्हणून नव्हे. तो भलत्याच कारणासाठी रडत होता. त्याला वाटत होतं नशीब फुटकं, माल खराब. संध्याकाळी आमच्याकडेही वडील म्हणाले, "शेटच्या मालाला ओल धरलीय वाटतं." मी जिंकले होते आणि ते जगात मी, भाऊ आणि बाई यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. असा सूड काय कामाचा? त्याला कळायला हवं होतं की त्याला कोणी हरवलं.

सांगितलं तर काय होईल, याची भीती होती. मला नववीला बसवायचं की नाही, हे घरात अजून ठरायचं होतं. 'शाळेनं पोरीला शेफारवली' असं कोणी म्हटलं असतं, तर तिथेच संपलं असतं. दुसरा दिवस मी गप्प काढला. पाडव्याला सकाळी बादली उचलली आणि दुकानाच्या फळीसमोर आणून ठेवली.

"शेट, तुमचे फटाके कोरडे हायत. ते मी विझवले."

गिऱ्हाईकं वळली. दुकानदार म्हणाला, "काय बोलतेस गं पोरी?"

"एक पाकीट आणा आणि आमच्या अंगणात या. ह्यालापण आणा."

अर्धी आळी आली. बाईही आल्या आणि जास्वंदीपाशी उभ्या राहिल्या. पाकिटातला एक बॉम्ब मी त्या मुलाला रस्त्यावर लावायला सांगितला. असा वाजला की कावळे उडाले. "त्याच पाकिटातला दुसरा इथं ठेव," मी म्हटलं. त्याने बेचक्यात ठेवला, पेटवला. मी सगळ्यांसमोर वृंदावनामागे जाऊन चाक फिरवलं. फुस्स. मग गोणपाट उचलून नळी दाखवली, पेरूवरच्या डब्यापासून गुहेपर्यंत.

वडील खाली बसले आणि नळीवरून बोट फिरवत डब्यापर्यंत गेले. माझा त्यांच्यावरचाही एक सूड बाकी होता, तो तिथे परस्पर फिटला.

"एकाच पाकिटातले दोन," बाई शांतपणे त्यांना म्हणाल्या. "एक कोरडा, एक ओला, बाकी सगळं सारखं. याला प्रयोग म्हणतात. मी हिला हे करायला सांगितलं नव्हतं." त्या एवढंच बोलल्या. पण नववीचा विषय घरात परत निघाला नाही, आणि पुढे मी पदवीधर झाले त्याची सुरुवात मी त्या वाक्यापासून धरते. बाईंचे उपकार मी जन्मभर मानले आहेत.

पण त्या वेळी माझं लक्ष बाईंकडे नव्हतं. मी घरात जाऊन मिश्रीची डबी आणली, आणि लाडवांसाठी आणलेल्या डिंकाचे दोन खडे भिजवून ठेवले होते ती वाटी. दोन्ही त्या मुलापुढे ठेवलं.

"हे डोकं बसव."

त्याने वडिलांकडे पाहिलं. दुकानदाराला एव्हाना माल कोरडा असल्याचाच इतका आनंद झाला होता की तो म्हणाला, "बसव की रं! बघतोस काय?"

तो नव्या पायजम्यासकट माझ्या चिखलात गुडघ्यावर बसला. बोटाने डिंक मानेला लावला. डोकं बसलं, पण वाकडं, डावीकडे कललेलं.

"किल्ला कोणी बांधला?" मी विचारलं.

"तू."

"माझ्या भावाला ऐकू नाय आलं."

"तू बांधलास!" तो ओरडला आणि आळी हसली. त्या वेळी माझे वडील हसले ते वेगळं हसू होतं.

तो पहारेकरी अजून माझ्याकडे आहे, मान वाकडीच. मी अनेक वर्षं कर्जतमध्ये विज्ञान शिकवलं. दर दिवाळीला माझ्या अंगणात मुलं किल्ला बांधायला येतात, नळी टाकतात, कारंजं करतात, पाणी कुठून का धावतं ते मला विचारतात. गेल्या दिवाळीला त्यांच्यात दुकानदाराच्या त्या मुलाची नातही होती. हुशार आहे, मातीला हात लावायला घाबरत नाही. माझ्या घरातल्या फळीवरचा पहारेकरी हातात घेऊन तिने विचारलं, "बाई, याची मान अशी का?"

मी तिला शेजारी बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. आजोबांच्या नावासकट. आणि म्हटलं, "घरी जाऊन विचार त्यांना. सगळ्यांसमोर विचार."